गळिताच्या दिवसांतला हेवा

परवा सकाळी अंगणाचं दार उघडलं आणि वास आला. कारखान्याचं धुराडं पेटलं होतं. चकल्यांचा चुरा अजून डब्याच्या तळाशी असतो, रानात ज्वारी गुडघ्याला लागलेली असते, पहाटे पायाशी सरकलेली गोधडी वर ओढून घ्यावीशी वाटते, आणि अशाच एका सकाळी गळीत हंगाम सुरू होतो. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने डुलत जायला लागतात. धुराड्याचा वास पहिले आठ दिवस गोडच लागतो, शेजारच्या घरात काकवी कढत असावी तसा. मग त्याच्या खालून दुसरा वास हळूहळू वर येतो, आंबील नासल्यावर येतो तसला. तो मळीच्या पाण्याचा. निदान तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो न चुकता यायचा. आता कधी येतो, कधी येत नाही, पण माझं नाक मात्र दर हंगामात त्याची वाट बघत बसतं.

आणि नाकाबरोबर मनही. कारण याच दिवसांत मला निंगव्वाचा हेवा वाटायला लागला आणि तो अजून गेलेला नाही. साठी उलटल्यावर माणूस शांत होतं म्हणतात. मी झालेले नाही. गुडघे दुखतात, दूरचं दिसत नाही, पण निंगव्वाला कुणी शाल पांघरली की पोटात जी कळ येते ती अगदी तरुण आहे.

आमचं गाव मंद्रूपच्या पुढं, सीनेच्या काठी. नदीवर बंधारा आहे. पावसाळा सरला की त्याच्या दारांत लोखंडी फळ्या बसवतात, त्यांना बर्गे म्हणतात. बर्गे बसले की पाणी अडतं आणि उन्हाळ्यापर्यंत गावाला पुरतं. अडलेल्या पाण्याच्या कडेला आमचा घाट, आणि त्याच्याही वर, नदीला येऊन मिळणाऱ्या ओढ्याच्या काठी कारखाना. कारखान्याच्या डिस्टिलरीतलं मळीचं काळं पाणी ओढ्यात सोडलं की ते दुसऱ्या दिवशी घाटावर यायचं आणि बंधाऱ्यामुळे तिथंच मुक्काम करायचं. पाण्याचा रंग आधी फिक्या चहासारखा व्हायचा, मग कडक चहासारखा. काठाला फेस साचायचा. मासे तोंड वर काढून फिरायचे आणि दोन दिवसांनी पोट वर करून तरंगायचे.

मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. माहेर सोलापूर शहरातलं, लग्न होऊन इकडं आले आणि गावाने माझं नाव न विचारता मला ‘बाई’ करून टाकलं. नदीबद्दलचा पहिला अर्ज मी लिहिला. हे मी पुन्हा लिहिते, कारण हल्ली ते कुणाच्या ध्यानात नसतं: पहिला अर्ज मी लिहिला. दुसरा, तिसरा आणि त्यानंतरचे सगळे मीच. वळणदार अक्षर, खाली कार्बन, मागं जोडपत्रं. दर सोमवारी शाळा सुटल्यावर घाटावर जाऊन बाटलीत पाणी भरायचं, लिटमस बुडवायचा, रंग, वास, फेस असे रकाने आखलेल्या वहीत नोंद करायची. प्रयोगशाळेच्या कपाटात त्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. बाटल्यांचं वय वाढत गेलं. अर्जांना उत्तर यायचं ते एकाच साच्यातलं, की आपला अर्ज प्राप्त झाला आहे. गावातली माणसं मला आदराने ‘अर्जवाल्या बाई’ म्हणायची आणि तितक्याच आदराने सहीच्या वेळी गायब व्हायची. ज्याच्या घरात कुणी ना कुणी कारखान्यावर कामाला, तो सही कशी करणार? मलाही ते समजत होतं, पण राग यायचा.

निंगव्वा या सगळ्यात कुठंच नव्हती. ती घाटावर धुणं धुवायची. तिच्या सासरी हेच काम पिढ्यांचं. गावातल्या पाच-सहा मोठ्या घरांचे कपडे तिच्याकडे, शिवाय नवरात्राच्या आधी गावभरच्या गोधड्या. घरात कानडी, बाहेर आमच्याशी मराठी. कपडा आपटताना ती वंदु, येरडु, मूरु असं पुटपुटायची. सातापुढं तिला मोजलेलं मी ऐकलं नाही, तेवढ्यात कपडा निघायचाच. मी बाटली भरायला गेले की ती बाजूला सरकून मला पायरी मोकळी करून द्यायची आणि विचारायची, “काय म्हनतंय पानी?” मी तिला आम्ल आणि अल्क समजावून सांगितलेलं आहे. ती मान डोलवायची. तिच्या हातांना तेव्हा भेगा पडल्या होत्या आणि बोटांच्या बेचक्या सोलवटल्या होत्या. मी वहीत पाण्याचा रंग लिहिला, तिच्या हातांचा रकाना माझ्या वहीत नव्हता.

मग ती ग्रामसभा झाली. मी नेहमीप्रमाणे अर्ज वाचून दाखवत होते आणि माणसं नेहमीप्रमाणे पंख्याकडे बघत होती. मागच्या बायकांतून निंगव्वा उठली. तिच्या काखेत गाठोडं होतं. तिने ते सोडून सरपंचांचा सदरा काढला आणि दोन्ही खांद्यांना धरून सभेपुढं धरला. पांढराशुभ्र म्हणून शिवलेला सदरा चहा सांडल्यासारखा पिवळट तपकिरी झाला होता, आणि सगळीकडे सारखा.

“सरपंच, तुमचाच सदरा हाय न्हवं?” ती म्हणाली. “दसऱ्याला घेतल्याला. तीनदा धुतला ह्या पान्यात. साबन लावलं, नीळ लावली. आता तुमीच सांगा, ह्यो रंग कुनी दिला?”

सभा हसली. सरपंच आधी ओशाळले, मग तेही हसले, आणि मग त्यांनी सदरा हातात घेऊन उजेडाकडे धरून पाहिला. त्याच सभेत चाळीसेक सह्या झाल्या. दोन वर्षं मी लिटमस दाखवत होते. लिटमस कुणाच्या अंगात घालायचा नसतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सोलापूरहून एक वार्ताहर आला. त्याला सदऱ्याची गोष्ट हवी होती. निंगव्वाला घाटावर उभं केलं, हातात सदरा दिला. मी वही घेऊन शेजारी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला त्यात निंगव्वा, सदरा, नदी, आणि उजव्या कडेला माझं कोपर. घरी ह्यांनी पेपर माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले की कोपर छान आलंय हो. मी तीन दिवस ह्यांच्याशी नीट बोलले नाही. फोटोतल्या निंगव्वाचं तोंड मी पुन्हा पुन्हा बघत होते. ती काही पोज देऊन उभी नव्हती. धुण्यातून कुणी उठवलं म्हणून उभी राहावी तशी उभी होती, आणि तरी सगळा फोटो तिचा होता. मला ते जमलं नसतं आणि त्याचीच जळजळ जास्त होती.

ती वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती भेटेल त्याला सांगायची की समदं बाईंनीच शिकिवलं, आमी काय अडानी. सोलापूरच्या प्रदूषण कार्यालयापुढं बायकांना घेऊन बसायची टूम तिची. भाकऱ्या बांधून घेऊन बत्तीस बायका गेल्या. मीही गेले. तिथं साहेबांनी विचारलं, तुमच्यापैकी बोलणार कोण? तिने मला पुढं ढकललं. मी मुद्देसूद बोलले, साहेबांनी मान डोलवली. आणि निघताना ते निंगव्वाकडे वळून म्हणाले, मावशी, हात दाखवा बघू तुमचे. त्यांनी ते उलटेसुलटे करून बघितले. पाहणीचं आश्वासन त्यानंतर मिळालं. परतीच्या एसटीत बायका गाणी म्हणत होत्या. मी खिडकीशी बसून बाहेरची ज्वारीची रानं मोजत होते आणि मनात म्हणत होते, यात माझं काय राहिलं?

पाहणीचा फोन मात्र मला आला, कारण अर्जावर नंबर माझा होता. साहेब म्हणाले, “गुरुवारी सकाळी येतो, पंचनामा करू, पाण्याचे नमुने घेऊ. घाट आहे तसाच राहू द्या. काही हलवू नका.”

मी सांगायला घाटावर गेले. बायकांचा घोळका जमलेला, मध्ये निंगव्वा. कुणाच्या तरी सुनेच्या बाळंतपणाचा सल्ला चालला होता, तोही आता हिलाच विचारायचा. मी बराच वेळ उभी होते. कुणी बघेना, तेव्हा मोठ्याने म्हणाले की गुरुवारी सकाळी साहेब येणार आहेत. एकच गलका झाला. बायकांनी निंगव्वाच्या पाठीवर थापा मारल्या. पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. ते मी गिळलं. एवढी पुढारी झाली आहे, एवढं तर तिला कळायलाच हवं, असं मी स्वतःला समजावलं आणि घरी आले.

आता आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी. इथं साहेब येणार म्हटलं की आवरायचं. शाळा तपासणी असली की मोडकी बाकं मागच्या खोलीत, भिंतीला चुना, मैदानावर फक्कीच्या रेघा. कुणी मंत्री रस्त्याने नुसता जाणार असला तरी उकिरडे झाकतात. ही रीत गावाने शाळेतून उचलली असं म्हटलं तरी चालेल. सव्वीस वर्षं प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी मुलींच्या हातात खराटे देणारी मीच होते.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी बंधाऱ्यावरून येत होते. उन्हं कलली होती, पाण्यावर पिवळा उजेड पडला होता. आठवडाभराच्या मळीने नदीची कळा गेली होती. काठाला मेलेल्या माशांचा पट्टा, फेस हातभर. अशी साक्ष गावाला त्या हंगामात पुन्हा मिळाली नसती. आणि घाटावर बायका खराटे घेऊन उतरल्या होत्या. कुणी घमेल्यात मासे भरत होतं, कुणी वर खड्ड्यात नेऊन पुरत होतं. दोघी पाण्यात शिरून खराट्याने फेस पुढं लोटत होत्या. पायऱ्या धुऊन झाल्या होत्या. एक पोरसवदा सून कोरड्या पायरीवर रांगोळीचे ठिपके मांडत होती. पदर खोचून सगळ्यांना कामं सांगत मध्ये उभी होती निंगव्वा. नदीच्या दुःखाची पाहणी करायला साहेब येणार, तर नदी कशी नीटनेटकी दिसली पाहिजे.

मला एका क्षणात सगळं कळलं. बंधाऱ्यापासून घाट हाकेच्या अंतरावर आहे. “अगं, थांबा,” एवढंच म्हणायचं होतं. मी कठड्याला हात टेकून उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण रांगोळीचे ठिपके जोडून होईपर्यंत नक्की. मनात जे आलं ते असं होतं: उद्या कळेल हिला. उद्या कळेल सगळ्यांना, सदरा दाखवणं वेगळं आणि काम समजणं वेगळं. मग मी घरी गेले, वरण-भाताचा कुकर लावला, आणि ह्यांना त्यातलं काही सांगितलं नाही.

सकाळी आणखी एक गोष्ट समजली. माझ्या पाठीमागं गड्यांनी बंधाऱ्याचे दोन बर्गे काढले होते. पाणी हललं की वास बसतो, साहेबांना उभं राहवेल, म्हणून. रात्रभरात वरचं घाण पाणी खाली वाहून गेलं होतं. साहेब आले तेव्हा घाटावर रांगोळी होती, नारळ होता, चहा होता, आणि बऱ्यापैकी वाहतं पाणी होतं. साहेब माणूस बरा होता, तो इकडं तिकडं बघत राहिला, पण दिसेल तेच लिहिणार. मृत मासे आढळले नाहीत. फेस आढळला नाही. नमुना त्याच पाण्याचा गेला. निंगव्वाने कौतुकाने खड्डा दाखवला, की मासे तितं पुरल्यात साहेब, वास नको म्हनून. साहेबांनी कपाळाला हात लावला.

तो हंगाम वाया गेला. अहवालाचा कागद कारखान्याच्या हातात पडला आणि शिवरात्रीपर्यंत ओढा दिवसाढवळ्या काळा वाहिला. येळ अमावास्येला रानातल्या पिकाच्या पूजेत शिंपडायला आणि आंबिलीला लोकांनी बोअरचं पाणी नेलं. निंगव्वाकडची मोठी घरं एकेक करून सुटली, कपडे पिवळे होतात म्हणून. तिची बोटं इतकी चिघळली की महिनाभर तिने कपड्याला हात लावला नाही, मुलगा मंद्रूपला एका लाँड्रीत जायला लागला. पारावर लोक तिची टर उडवायचे, नदीला न्हाऊ घालून साहेबाला दाखवली म्हणायचे. कुणी तोंडावर बोललं तर ती एवढंच म्हणायची, माजीच अक्कल.

आणि माणसं माझ्याकडे परत आली. बाई, आता तुमीच बघा. हेच मला हवं होतं ना? मी अर्ज लिहायला बसले. अक्षर पूर्वीसारखं वळणदार येईना.

पुढच्या गळिताला निंगव्वा पुन्हा उभी राहिली, बोटांना चिंध्या बांधून. या वेळी खराटे तिने स्वतःच्या घरात कोंडून ठेवले. मेलेल्या माशांभोवती विटा मांडल्या, बायकांच्या पाळ्या लावल्या, ओढ्याच्या तोंडाशी दिवसभर कुणी ना कुणी बसलेलं. पंचनामा झाला, नमुना जसा हवा तसा गेला, कारखान्याला नोटीस निघाली. काळं पाणी अजूनही येतं, पण चोरून येतं, आणि आलं की तासाभरात गावाला कळतं. घाटावर पुन्हा गोधड्या वाळतात. निंगव्वाला सोलापुरात कॉलेजं बोलावतात. ती कानडी वळणाच्या मराठीत पाच मिनिटं बोलते आणि पोरं उठून टाळ्या वाजवतात. तिची ओळख करून द्यायला मला नेतात, भाषा चांगली म्हणून. मी चांगली ओळख करून देते. ती करून देताना दर वेळी तो बुधवार माझ्या जिभेखाली खड्यासारखा असतो.

परवा वास आला तशी मी घाटावर गेले. पाणी स्वच्छ होतं, वास धुराड्याचाच होता. निंगव्वा एकटीच धूत होती. मी वरच्या पायरीवर बसले आणि सांगून टाकलं. साहेबांनी फोनवर काय सांगितलं होतं ते, मी काय गिळलं ते, बंधाऱ्यावर उभी राहून काय बघितलं ते. मला माहीत होतं आणि मी मुद्दाम गप्प राहिले, हे याच शब्दांत. का, तेही सांगितलं. तुझा हेवा वाटत होता, म्हटलं, अजून वाटतो.

तिचा हात थांबला.

“मी बघितलं हुतं की तुमाला,” ती म्हणाली. “बंधाऱ्यावर हुब्या हुता. मी बायकान्ला म्हनलं, बाई बघाय लागल्यात, चुकत आसतं तर वरडल्या आसत्या. गप हायेत म्हंजे बरोबर चाललंय. तवाच तर गड्यान्ला म्हनलं, आता दोन बर्गं बी काढा.”

चार वर्षं मी पुरलेल्या माशांचा दोष माझ्या नावावर धरला होता आणि काढलेल्या बर्ग्यांचा तिच्या.

“मला वाटलं, तुमाला बी ठावं न्हाय,” ती म्हणाली. “म्हनून कुटं बोलले न्हाय, की बाई बगत हुत्या म्हनून. शिकल्याली बाई, लोक हसतील.”

मग तिने बादलीतून पुढचा कपडा घेतला आणि दगडावर आपटायला लागली. या वेळी ती मोजत नव्हती. मी बसून राहिले. तिने मला जा म्हटलं नाही आणि बसाही म्हटलं नाही.

निंगव्वाचा हेवा आता थोडा जुना वाटायला लागला आहे. त्या बुधवारी तिला बंधाऱ्यावर एक बाई दिसली होती, चूक दिसली तर ओरडल्याशिवाय न राहणारी. मला हेवा वाटतो तो तिचा.